परक्याचे पडके देऊळ

सूस गावाचा आणि ग्रीस देशाचा संबंध काय, असे दहा वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर मी गप्प बसलो असतो. आज तो संबंध बोटाने दाखवता येतो, कारण तो भिंतीवर खिळा ठोकून टांगलेला आहे. मुळशी तालुक्यातले हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच्या आधीपासूनच खिंडीच्या आसपास उंच इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. आणि त्या इमारतींतल्या दिवाणखान्यांत, सोफ्याच्या बरोबर वर, अथेन्सच्या टेकडीवरचे पार्थेनॉन मावळतीच्या उन्हात न्हाऊन निघू लागले होते. आमच्या एकट्या वसाहतीत असली चार चित्रे मी पाहिली आहेत. त्यांतली दोन पार्थेनॉनची, एक सिसिली बेटावरच्या ग्रीक देवळाचे, आणि चौथ्यातले देऊळ कोठले हे यजमानांना ठाऊक नाही व मलाही ओळखता आले नाही. चारही चित्रे हाताने रंगवलेली आहेत. हे 'हाताने' यजमान आवर्जून सांगतात. नुसते सांगून थांबत नाहीत, तर तुमचे बोट धरून ते कॅनव्हासवर टेकवतात आणि रंगाचा उंचवटा लागतो की नाही ते पाहायला लावतात.

चित्रांवर लिहिणारी मंडळी अशा चित्रांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांच्या लेखी प्रदर्शनात भेटते ते चित्र, आणि घरात भेटते ती सजावट. मला हा भेद मान्य नाही. प्रदर्शन आठ दिवसांत उतरते. दिवाणखान्यातले चित्र वीस वर्षे तेथेच असते; त्याच्याखाली मुली पाहण्याचे कार्यक्रम होतात, मुले गृहपाठ करतात, म्हातारी माणसे दुपारची डुलकी घेतात. ज्याच्याकडे एवढ्या वेळा नजर जाते, ते चांगले की वाईट, आणि वाईट असल्यास नेमके कोठे वाईट, हे विचारायला नको काय?

आधी मूळ चित्रांविषयी चार शब्द. आमच्या वसाहतीतल्या दोन पार्थेनॉनांपैकी एकाचे मूळ फ्रेडरिक एडविन चर्च या अमेरिकन चित्रकाराने १८७१ साली पुरे केले. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मुलीकडे गेलो असताना त्याच्यापुढे अर्धा तास उभे राहण्याचा योग मला आला. चित्र सुमारे सहा फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच आहे. चर्च १८६९ साली अथेन्सला गेला, तेथे काही आठवडे राहिला, त्या टेकडीवर बसून त्याने दगडांची रेखाटने केली. म्हणूनच त्या चित्रात जीव आहे तो सोनेरी देवळात नाही, पुढल्या सावलीत आहे. चित्राचा पुढचा भाग त्याने अंधारात ठेवला आहे आणि त्या अंधारात पडलेल्या दगडांचा खच आहे. प्रथम ते दिसतच नाहीत. डोळा सरावला की एकेक तुकडा वर येतो, आणि मग मागचे उन्हातले खांब किती उंच आहेत याची जाणीव होते. खालच्या मोडतोडीचे माप घेतल्यावाचून वरची भव्यता कळत नाही, अशी ती रचना आहे.

आता देऊळ सोनेरी का? युरोपातल्या चित्रकारांची ही हौस आहे, असे आपल्याला वाटते. तसे अगदीच नाही. पार्थेनॉन ज्या पेन्टेली डोंगराच्या संगमरवराचे आहे, त्यात लोहाचा अंश आहे. शतकानुशतके हवा-पाऊस खाऊन तो दगड मधाच्या रंगाकडे झुकतो. मावळतीला तो खरोखरीच सोन्यासारखा दिसतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला हे जमत नाही. त्याच्यावर कसलेही ऊन पडो, तो काळाच राहतो. आणि श्रावणात शेवाळाने हिरवा होतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

पडक्या इमारतींचे हे वेड युरोपात अठराव्या शतकात पसरले आणि एकोणिसाव्यात शिगेला पोहोचले. तुटलेला खांब, त्यावर चढलेली वेल, मावळता सूर्य, खाली शेळ्या चारणारा एखादा गुराखी: एवढे साहित्य जमले की रसिकाला हुरहूर लागायची. 'काळापुढे कोणाचे चालले आहे!' असा सुस्कारा टाकण्यात एक गोडवा असतो, आणि तो गोडवा या चित्रांनी पुरवला. मात्र पार्थेनॉन काळाने पडले हे काही खरे नाही. ख्रिस्तपूर्व ४४७ ते ४३२ या काळात बांधलेली ती इमारत पुढे चर्च झाली, मग मशीद झाली, आणि दोन हजार वर्षांहून अधिक काळ बव्हंशी उभी होती. १६८७ साली तुर्कांनी तिच्यात दारूगोळा साठवला होता. त्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. १८०१ पासून लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उरलेली शिल्पे काढून इंग्लंडला नेली. बिचाऱ्या काळाचा यात हात तो किती? रायगडाची दशा १८१८ च्या तोफांनी केली, तिला आपण काळाचा महिमा म्हणत नाही. परक्याच्या पडझडीपुढे मात्र आपण चटकन तत्त्वज्ञ होतो.

येथे मला आमच्या शेजारच्या आजींचे मत नोंदवले पाहिजे. सूसमधल्या चित्रांवर आजवर झालेली सर्वांत सडेतोड समीक्षा त्यांची आहे. नातसुनेने हौसेने चर्चच्या पार्थेनॉनची नक्कल करून घेतली, दिवाणखान्यात लावली. आजी आपल्या खोलीतून काठी टेकत आल्या, चष्मा पुसून पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "अगं, देवळाला छप्पर नाही, गाभाऱ्यात देव नाही. दिवाळीत पणती कुणापुढे लावायची?" नातसून म्हणाली, "आजी, ते आपलं देऊळ नाहीये." आजी म्हणाल्या, "मग लावलंय कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कलेच्या प्राध्यापकालाही चटकन देता येणार नाही. आपल्याकडे भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, ती पाण्यात सोडतात. खंडित वस्तूविषयी आपल्या मनात जे आहे ती हुरहूर नव्हे. ती एक अस्वस्थता आहे. मोडले ते दुरुस्त करा, नाहीतर विसर्जन करा. मोडलेले तसेच डोळ्यांपुढे ठेवून त्यातून आनंद घ्यायचा, ही कल्पना आपल्या घरांत मुरलेली नाही. आजींची तक्रार अडाणीपणाची नाही. ती एका वेगळ्या, जुन्या आणि सुसंगत सौंदर्यदृष्टीतून आलेली आहे.

गंमत अशी की ग्रीक खांब आजींना परका नाही. त्यांच्या खोलीत त्यांच्या लग्नानंतर काढलेला फोटो आहे. आजोबा खुर्चीवर, आजी शेजारी उभ्या, आणि मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा: कठडा, तळे, आणि डाव्या हाताला भला थोरला खोबणीदार खांब! आपल्याकडे असे खांब किती वाटांनी शिरले आहेत. मुंबईचा टाउन हॉल १८३३ साली उभा राहिला तो ग्रीक देवळाच्या धर्तीचे खांब घेऊन. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हात बसवला तो ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या साच्यांवरून चित्रे काढून. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्यासारखे कसबी लोक नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. असल्या पडद्यांवरच्या राजवाड्यांत परदेशी खांब आणि कमानी बिनदिक्कत मिसळून जात, आणि त्यापुढे उभे राहून आपले पौराणिक राजे पदे म्हणत. कोणालाही काही खटकले नाही. कारण ते सगळे खांब धडधाकट होते. आजींना खटकला तो ग्रीक खांब नव्हे, पडका खांब.

शेवटी चित्र रंगवणाऱ्या मुलाला बोलावणे गेले. हा मुलगा कोल्हापूरकडचा. जी. डी. आर्ट केलेला, गावठाणात एक खोली भाड्याने घेऊन राहणारा. आल्या आल्या आजींच्या पाया पडला, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि चित्र काखोटीला मारून घेऊन गेला. आठवड्याने चित्र परत आले तेव्हा पार्थेनॉनला छप्पर होते. तुटलेले खांब पुरे झाले होते. छपरावर तांबडी कौले होती, आणि कौले मंगलोरी होती.

मी हे ऐकून आधी हसलो आणि मग थबकलो. कारण हाच उद्योग युरोपातल्या मोठ्या मोठ्या लोकांनी करून ठेवला आहे. इंग्लंडच्या टर्नरने १८१६ साली एजिना बेटावरच्या ग्रीक देवळाची दोन चित्रे प्रदर्शनात मांडली. एकात देऊळ पडके, दुसऱ्यात ते पुन्हा उभारलेले. टर्नर जन्मात ग्रीसला गेला नाही. दुसऱ्याने केलेल्या रेखाटनाचा आधार त्याने घेतला होता. लिओ फॉन क्लेन्झे हा बव्हेरियाचा वास्तुविशारद. १८३४ साली तो अथेन्सला गेला, ॲक्रॉपोलिसचे अवशेष कसे जपावेत याचा सल्ला त्याने नव्या राजाला दिला. १८४६ साली त्याने रंगवलेली ॲक्रॉपोलिस मात्र पडकी नाही. सारी देवळे साबूत, टेकडी गजबजलेली, जणू पेरिक्लिसचा काळ परत आला आहे. ते चित्र म्युनिकच्या नोये पिनाकोथेक संग्रहालयाच्या मालकीचे आहे. आमच्या आजींनी ते पाहिले असते तर क्लेन्झेला शाबासकी दिली असती. फरक एवढाच की क्लेन्झेला ग्रीक छप्पर कसे असते ते ठाऊक होते. पार्थेनॉनवर संगमरवराची कौले होती. आमच्या मुलाने आपल्या गावाकडची घातली.

तर आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नक्कल म्हणजे काय, आणि तिचा दोष कोणता? 'नक्कल' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण आमच्या वसाहतीतले ते तिसरे चित्र पाहा. सिसिलीतल्या आग्रिजेन्तो येथे जूनोचे म्हणून ओळखले जाणारे ग्रीक देऊळ आहे. त्याचे चित्र कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराच्या नावावर आहे, साधारण १८३० च्या सुमाराचे. रोमँटिक चित्रकारांत याचे नाव पहिल्या रांगेत घेतात. हा गृहस्थ इटलीला कधी गेलाच नाही. एका छापील चित्रावरून त्याने ते देऊळ घेतले. म्हणजे सूसमधल्या मुलाने मोबाइलवर पाहून जे केले, तेच फ्रीडरिखने छापील कागदावर पाहून केले. तरीही फ्रीडरिखचे चित्र त्याचेच आहे. छापील चित्रात कोठले स्थळ आहे एवढी माहिती होती. फ्रीडरिखने त्याच्यात एकटेपणा घातला. माणूस काढून टाकला, आवाज काढून टाकला. दुसऱ्याकडून घेतलेल्या आकृतीत स्वतःचे पाहणे मिसळले की नक्कल ही नक्कल राहत नाही. न मिसळले तर मूळ स्थळी जाऊन काढलेले चित्रही नक्कलच.

महाराष्ट्राला तर नकलेचे महत्त्व कोणी नव्याने सांगायला नको. अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्याच्या कामी मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून लागला. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्याच्या बहुतेक तैलचित्रांची लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत राख झाली. मग जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन गेले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा सगळे उतरवले. त्यांतल्याही पुष्कळ प्रती १८८५ च्या आगीत लंडनमध्ये गेल्या. जे वाचले ते आज अनमोल ठरले आहे, कारण दरम्यान मूळ भिंतींवरचे रंग आणखी उडाले. येथे नक्कल ही साक्षीदार आहे. मात्र या साक्षीदाराने फिर्यादीचे नुकसानही केले, हे सांगितले पाहिजे: प्रत करताना मूळ चित्र स्पष्ट दिसावे म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवण्यात आले, आणि पुढे तेच पिवळे पडून चित्रांच्या मुळावर आले.

त्याहून जुनी गोष्ट आपल्या पुण्याचीच आहे. सवाई माधवरावांच्या काळात ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पदरी गंगाराम तांबट नावाचा पुणेकर चित्रकार होता. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याचे त्याने १७९० साली काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. पुढे त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानेही त्याच सुमारास तेथे काम केले. तो १७९५ साली वारला, आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये वेरूळची छापील चित्रे प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या काळात युरोपातले लोक ग्रीसच्या अवशेषांची चित्रे हातोहात खपवत होते, त्याच काळात आपले अवशेषही त्याच बाजारात गेले. आज न्यूयॉर्कमधल्या एखाद्या दिवाणखान्यात वेरूळ टांगलेले असेल, आणि तेथल्या आजीबाईही विचारत असतील, हे कोणाचे देऊळ?

आता आमच्या मुलाच्या कामाविषयी. त्याची चारपैकी दोन चित्रे मी नीट, जवळून पाहिली आहेत. बाकीची दोन बाहेरून, बहुधा चीनमधून आली असावीत. तेथे शेन्झेन शहरातल्या डाफेन या वस्तीत १९८९ पासून हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो. त्या दोहोंत हात सफाईदार आहे, आणि सफाईपलीकडे काही नाही. आकाश एकाने केले असेल, देऊळ दुसऱ्याने, अशी शंका येते. ऊन देवळावर डावीकडून पडते आणि झाडावर उजवीकडून.

आमच्या मुलाच्या चित्रांत चुका पुष्कळ आहेत. एक तर माप. सहा फुटांचे चित्र तीन फुटांवर आणले की नुसती लांबी निम्मी होत नाही. क्षेत्र पावपट होते, आणि चर्चने सावलीत ठेवलेले बारीकसारीक तुकडे खडीसारखे दिसू लागतात. येथे चित्रही चौरस फुटाच्या दराने विकले जाते, सदनिकेसारखेच, तेव्हा मोठ्या मापाचा आग्रह गिऱ्हाईक धरत नाही. दुसरी चूक सावलीची. चर्चची सावली पातळ रंगांचे थर एकावर एक देऊन झालेली आहे, तिच्यात तपकिरी आहे, जांभळा आहे. मोबाइलच्या पडद्यावर ती सपाट काळी दिसते आणि मुलाने जी दिसली ती काळी लावली. तिसरी चूक सोन्याची. देवळाला त्याने इतके सोने लावले आहे की दगड वितळतो की काय असे वाटावे. त्याला विचारले तर म्हणाला, "काका, लोकांना संध्याकाळच पाहिजे असते. दिवसभर कामावर असतात, घरात तीच दिसते."

पण त्याच चित्रात खाली उजव्या कोपऱ्यात हातभर जागा अशी आहे की तेथे माझी नजर अडकली. पडलेले दगड. इतर ठिकाणी ते खडीसारखे आहेत म्हणालो. या कोपऱ्यात नाहीत. येथे ते कोनेदार आहेत, ताज्या फोडलेल्या कडांचे, निळसर काळे, एकावर आतून गंजाचा तांबूस पट्टा. हा संगमरवर नव्हे. हा आमच्या खिंडीतला दगड आहे. रस्ता रुंद करताना, इमारतीचा पाया खणताना तो सूसमध्ये जागोजाग निघतो आणि महिनोन् महिने रस्त्याकडेला पडून असतो. मुलगा रोज त्याच्याशेजारून सायकल हाकतो. या कोपऱ्यापुरती त्याने मोबाइलची मदत घेतली नाही; जे रोज पाहिले ते हाताने आपसूक उतरवले. ग्रीसच्या टेकडीवर सह्याद्रीचा काळा फत्तर पडलेला आहे, हे इतिहासाच्या दृष्टीने साफ चूक; चित्राच्या दृष्टीने तेवढीच जागा खरी.

दुरुस्तीच्या वेळी हे दगडही काढायचे होते. आजींनीच ते राहू दिले. म्हणाल्या, "असू दे रे बाळा. बांधकाम म्हटलं की राडारोडा असतोच." म्हणजे आजींच्या नजरेने ते चित्र पडक्या देवळाचे उरलेच नाही, ते बांधून होत आलेल्या देवळाचे झाले. सूसमध्ये राहणाऱ्या माणसाला ढिगारा दिसला की तो शेवटाचा नसून सुरुवातीचा वाटतो, हे किती स्वाभाविक आहे! रोमँटिक चित्रकारांनी पडलेल्या दगडात जे वाचले त्याच्या नेमके उलटे आजींनी वाचले, आणि चित्राला तो अर्थही पेलला. छपराची कौले मला आजही पाहवत नाहीत. सारे छप्पर एका सपाट तांबड्याने रंगवलेले आहे, उन्हाची बाजू कोणती याचा पत्ता नाही. पण खालचे दगड आणि वरचे छप्पर यांच्यामध्ये एक गोष्ट घडते आहे, जी डाफेनच्या निर्दोष चित्रांत घडत नाही.

मग आपण परक्याचेच पडके देऊळ का टांगतो? सूसच्या गावठाणात अजून एखाद-दुसऱ्या जुन्या घराचे दगडी जोते उरलेले आहे, त्यावर उन्हात मांजर झोपते, पावसात तेरडा उगवतो. रोमँटिक चित्रकाराला याहून काय हवे होते? पण ते चित्र कोणी मागणार नाही. आपल्या पडक्या घराला वारस असतात, हिस्से असतात, कोर्टातली तारीख असते. त्याच्याकडे पाहिले की हुरहूर वाटत नाही, चुलत्याची आठवण येते. ग्रीसच्या देवळाला आपल्याकडे वारस नाही. त्याचे दुःख बिनसुतकाचे आहे, आणि म्हणून ते सोफ्यावर शोभते. यात मी गिऱ्हाइकांना दोष देत नाही. दिवसभर दमून आलेल्या माणसाने भिंतीवर भाऊबंदकी टांगावी, असे कोण म्हणेल?

तथापि एक गोष्ट मी त्या मुलाला सांगितली, ती वाचकांनाही सांगतो. ग्रीकांचे खांबच हवे असतील तर अथेन्सपर्यंत जायचे कारण नाही. सूसहून सुमारे पन्नास किलोमीटरवर कार्ल्याचे चैत्यगृह आहे. सदतीस खांब, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, आणि स्तूपाच्या मागे सात. बाजूच्या खांबांतले काही 'धेनुकाकट' या गावच्या यवनांनी दान दिले, असे त्या खांबांवरच कोरलेले आहे. यवन हा शब्द पुढे आपण भलत्यांना लावला; मुळात तो आयोनियाच्या ग्रीकांवरून आलेला. हे दाते रक्ताने ग्रीक होते की ग्रीक वळणाचे लोक होते, याबद्दल पंडितांचे वाद आहेत, ते त्यांना लखलाभ होवोत. नावे आपल्याकडची, धर्म बुद्धाचा, आणि स्वतःची ओळख सांगताना शब्द 'यवन'. जुन्नरच्या लेण्यांतही असे यवन दाते आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या पुणे जिल्ह्यात कोणा परदेशी वळणाच्या माणसाने पैसे मोजून एक खांब उभा केला. तो काळ्या दगडाचा आहे, तळाशी घागर, वर हत्तींवर बसलेली जोडपी, आणि तो पडलेला नाही. छताच्या लाकडी कमानीसुद्धा जुन्याच आहेत. गंमत म्हणजे पायथ्याशी मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, तेथून छापलेल्या देवदेवता सगळ्या महाराष्ट्राच्या भिंतींवर गेल्या. वरचा यवनांचा खांब मात्र कोणाच्या भिंतीवर आल्याचे मी पाहिलेले नाही.

याला कारण आहे. कार्ल्याला एकांत नाही. चैत्यासमोरच एकवीरा आईचे देऊळ. कोळी बांधवांची रीघ, नारळ, गुलाल, ढोल. रोमँटिक चित्राला लागते ती निर्जन शांतता तेथे मिळत नाही. पडझडीचे सुख घ्यायला जावे तर समोर नवस फेडणाऱ्यांची रांग.

मुलगा मागच्या मार्गशीर्षात तेथे जाऊन आला. दोन रविवार लागोपाठ गेला. आतल्या खांबांची पेन्सिलीने रेखाटने केली आणि नंतर खोलीवर येऊन एक लहान तैलचित्र केले, पंधरा इंच बाय वीस. मी ते पाहिले आहे. घोड्याच्या नालासारख्या खिडकीतून येणारा उजेड त्याने पुन्हा सोनेरीच केला आहे. हाताला लागलेली सवय सुटत नाही. वरच्या हत्तींवर त्याचे लक्ष नाही, ते घाईत उरकलेले दिसतात. माणसे त्याने काढून टाकली नाहीत, हे मला आवडले: एक बाई खांबाला टेकून बसली आहे, हातात नारळाची पिशवी, बहुधा कोणाची तरी वाट पाहत. आणि तिच्या पाठीशी जी दगडी घागर आहे ती काळी आहे, नुसती काळी नव्हे; हात टेकून टेकून जेथे गुळगुळीत झाली आहे तेथे किंचित निळी. खिंडीतल्या दगडांचा तोच रंग.

चित्र अजून त्याच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. आजींची नातसून परवा पाहून आली. तिने भाव विचारला तेव्हा त्याने पट्टी काढून लांबी-रुंदी मोजली, चौरस फूट काढले, आणि आकडा काही सांगितला नाही.